घरटी एक हण

आगरच्या तळ्यापासून निघून इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत आग्नेयेस जाणारा बेंगळूरचा सर्जापूर रस्ता ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्याचा झाला आहे, त्यांत मराठी बोलणारी माणसे आज थोडीथोडकी नाहीत. परंतु ज्या गावाचे नाव ह्या रस्त्याला मिळाले, ते सर्जापूर कधीकाळी एका जहागिरीचे ठाणे होते, ही गोष्ट त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानी आलेली असते. भोवतालच्या काही खेड्यांसह हे गाव मोगल पातशाहीने जहागीर म्हणून दिले होते, आणि पातशाही चाकरीसाठी जहागीरदाराने फौज बाळगावी, अशी त्या देणगीची अट होती. येथल्या मागांवर एके काळी तलम मलमल निघत असे. पुढे विलायती कापडाचा लोंढा आला आणि मलमलीचे ते कसब लयाला गेले. राजसत्तेने काही द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात काही मागून घ्यावे, हा जहागिरीचा जुना व्यवहार ह्या रस्त्याच्या नावातच असा मुरलेला आहे.

मला तो व्यवहार आठवत राहतो, ह्याचे कारण ह्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना श्रद्धेच्या खुणा फार दाटीने वसलेल्या आहेत. आगर हे नावच अग्रहाराची आठवण करून देते. कार्मेलराम ह्या रेल्वे स्टेशनच्या नावात पॅलेस्टाइनमधला कार्मेल पर्वत आणि संस्कृतातला आराम हे दोघे एकमेकांना बिलगून बसले आहेत. रस्ता सर्जापूर ओलांडून पुढे गेला की चिक्कतिरुपतीच्या व्यंकटरमणाकडे जाणारे यात्रेकरू भेटू लागतात. आणि पहाटे, वाहनांचा कल्लोळ सुरू होण्यापूर्वीच्या त्या एका घटकेत, दूरची अजान आणि जवळच्या देवळातली घंटा ह्या दोन्ही एकाच खिडकीतून आत येतात. हे सारे शेजारी शेजारी नांदते आहे ते आपोआप नव्हे. त्यामागे राज्यसंस्थेचे काही शतकांचे कर्तृत्व आहे, काही शतकांची कसूरही आहे, आणि ह्या दोहोंत मराठ्यांचा वाटा आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका पाटीमुळे. तळ्याच्या बांधावरून परतताना एका लहानशा देवळाच्या भिंतीवर, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली, कडांना गंज चढलेली एक सरकारी पाटी होती. कन्नड लिपी मला तेव्हा नुकतीच लागू लागली होती, म्हणून बोट फिरवीत, अक्षराला अक्षर जोडीत मी ती वाचली आणि पहिले दोन शब्द जुळताच थबकलो. कारण ते दोन्ही शब्द माझेच होते. ‘मुजरायि इलाखे’. इलाखा म्हटले की आम्हांला जुना मुंबई इलाखा आठवतो, कन्नडात त्याचा अर्थ खाते असा झाला आहे, एवढे लक्षात यायला वेळ लागला नाही. परंतु देवळाचा आणि मुजऱ्याचा संबंध काय? दरबारातला लवून केलेला मुजरा आणि तमाशातला मुजरा आपल्याला ठाऊक असतो. पण जुन्या मराठी जमाखर्चात आणखी एक मुजरा आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहो. ऐन रकमेतून जी रक्कम वजा धरावयाची, हिशेबात मान्य करून सोडून द्यावयाची, ती ‘मुजरा घालीत’ किंवा ‘मुजरा देत’. गावच्या वसुलातून देवस्थानाची नेमणूक, पिराची दिवाबत्ती, अग्निहोत्र्याचे वर्षासन अशा रकमा सरकारी जमेतून मुजरा पडत. ह्याच शब्दावरून म्हैसूर संस्थानात धर्मस्थानांची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याला नाव मिळाले, 1913 साली त्या खात्याचा कायदा झाला, आणि त्याच्या देखरेखीखाली हिंदूंच्या देवळांबरोबर मुसलमानांची स्थानेही होती. पुढे 1955 साली धार्मिक इनामे खालसा झाली तेव्हा जमिनींच्या मोबदल्यात जी सालीना रक्कम देवस्थानांना बांधून दिली गेली, तिला येथे आजही ‘तस्दीक’ म्हणतात.

त्या पाटीपुढे उभा असताना मला जे उमगले, त्याच्याच आधाराने पुढचे सगळे लिहीत आहे. परधर्माच्या रक्षणाची राजाज्ञा खरी की पोकळ, हे तिच्यातल्या उदात्त शब्दांवरून ठरवता येत नाही. ती जमाखर्चाच्या रकान्यात उतरली की नाही, पहारा कोणी करावा, पहारेकऱ्याचा पगार कोणी द्यावा, पडक्या भिंतीला चुना कोणी लावावा, हे तिने सांगितले आहे की नाही, ह्यावरून ते ठरते. ह्या कसोटीला उतरणारा, माझ्या माहितीतला सर्वांत जुना आणि सर्वांत चोख दाखला बेंगळूरच्या आसपासच, दगडावर कोरलेला आहे.

हा दाखला 1368 सालचा आहे. विजयनगरच्या गादीवर पहिला बुक्कराय होता. त्याच्या बिरुदांत ‘हिंदुरायसुरत्राण’ असे एक बिरुद आढळते, आणि त्यातले सुरत्राण म्हणजे सुलतान, हे ध्यानी घेतले की त्या काळी राजवैभवाची भाषा किती सरमिसळ झाली होती, ते कळते. कर्नाटकात जैनांचे वैभव तेव्हा ओसरले होते. गंगांच्या राज्यात चामुंडरायासारखा जैन मंत्री श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती उभारू शकला होता. होयसळ विष्णुवर्धन वैष्णव झाला तरी त्याचा सेनापती गंगराज जैनच राहिला होता आणि राणी शांतलाही. (त्या गोमटेश्वराच्या पायांशी मराठीतल्या अतिप्राचीन लेखांपैकी दोन ओळी आहेत, चामुंडराजाने मूर्ती करविली आणि गंगराजाने भोवतालचे बांधकाम करविले एवढेच सांगणाऱ्या. आमच्या भाषेने दगडावर अगदी प्रथम जी अक्षरे गिरवली, त्यांतली काही एका जैन तीर्थावर, कन्नड मुलखात गिरवली, ही गोष्ट शाळेत शिकलो होतो, पण तिचा अर्थ येथे राहायला आल्यावर कळला.) चौदाव्या शतकापर्यंत मात्र वैष्णवांचे आणि वीरशैवांचे बळ वाढले, जैन पाठीशी राजा नसलेला एक लहान समाज होऊन बसले, आणि त्यांच्या बसद्यांतली, म्हणजे जैन देवळांतली, वाद्ये, मिरवणुका, कळस ह्यांवरून श्रीवैष्णवांशी ठिकठिकाणी खटके उडू लागले. तेव्हा आनेगोंदी, पेनुगोंडा आणि कल्लेह अशा दूरदूरच्या ठिकाणचे जैन एकत्र होऊन बुक्करायाकडे फिर्यादी आले. ह्यांतले कल्लेह म्हणजे बेंगळूरच्या पश्चिमेस मागडीजवळचे आजचे कल्य. ह्या निवाड्याचा एक शिलालेख श्रवणबेळगोळच्या भंडारी बसदीत आहे आणि एक त्या कल्य गावी.

निवाड्याच्या प्रसंगाचे वर्णन लेखातच आहे. श्रीवैष्णवांचे आचार्य, प्रमुख मठाधिपती आणि निरनिराळ्या जातींचे व नाडांचे मुख्य ह्यांना राजाने बोलावून घेतले. जैन दर्शन आणि वैष्णव दर्शन ह्यांत भेद नाही, असे सांगून त्याने जैनांचा हात धरला आणि तो वैष्णवांच्या हातात दिला. पाच महावाद्यांचा आणि कलशाचा जो मान जैनांना पूर्वापार होता, तो तसाच चालावा. वैष्णवांकडून जैनांच्या दर्शनाला हानी वा वृद्धी झाली, तर ती वैष्णवांनी आपल्याच दर्शनाची हानी वा वृद्धी मानावी. आणि ह्या आज्ञेचे शिलालेख राज्यातल्या सगळ्या बसद्यांत वैष्णवांनीच लावावेत. एवढ्यावर थांबला असता तर बुक्करायाचा हा लेख सुभाषितांच्या पंक्तीला जाऊन बसला असता. तो तेथे थांबला नाही. राज्यातल्या जैनांच्या दर घरामागे, दार मोजून, वर्षाला एक हण, म्हणजे एक लहान नाणे, वसूल करावा. त्या पैशातून तिरुमलेच्या तातय्याने बेळगोळच्या देवाच्या अंगरक्षणासाठी वीस माणसे नेमावीत. आणि जे उरेल त्यातून मोडकळीस आलेल्या जिनालयांना चुना लावावा. तातय्या वैष्णव होता. म्हणजे ज्या समाजाकडून भय होते, त्याच समाजाच्या प्रमुखाला रखवालीची नेमणूक करण्याचे उत्तरदायित्व दिले गेले. हा नियम मोडील तो राजद्रोही, संघद्रोही आणि समुदायद्रोही ठरेल, असा शेवट आहे.

ह्या लेखाचे भाषांतर मी प्रथम वाचले तेव्हा चुन्याच्या उल्लेखापाशी पुष्कळ वेळ थांबलो. साम्राज्याचा अधिपती, ज्याच्या राज्याच्या उत्तर सीमेवर बहामनी सुलतानांशी युद्धे चालली होती, तो दूरच्या खेड्यातल्या पडक्या देवळाच्या भिंतीला सफेदी होते की नाही, ह्याची तजवीज करून ठेवतो, आणि तीही ‘व्हावी’ असे म्हणून नव्हे, तर पैसा कोठून यावा हे सांगून. परंतु एक गोष्ट मनाला टोचते, ती लपवून ठेवणे बरे नव्हे. रक्षण जैनांचे व्हावयाचे होते आणि हण जैनांनीच द्यावयाचा होता. ज्यांच्या आगळिकीमुळे पहाऱ्याची गरज उत्पन्न झाली, त्यांच्यावर पै बसली नाही. चौदाव्या शतकातल्या राजाकडून समतेची अपेक्षा करणे हे कालविपर्यासाचे होईल, हे मान्य. तरी आपल्याच सुरक्षिततेची पट्टी भरणारा माणूस आणि निर्भय नागरिक ह्यांत फार अंतर आहे, आणि बुक्करायाच्या सगळ्या थोरवीसकट ते अंतर त्या दगडावर राहिले आहे.

ह्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी बेंगळूर मराठ्यांच्या हाती आले. रणदुल्लाखानाच्या स्वारीत विजापूरकरांनी 1638 साली केंपेगौडाकडून हे शहर घेतले आणि शहाजीराजांकडे जहागिरीत सोपवले. पुढे ते त्यांचे पुत्र एकोजीराजे ह्यांच्याकडे आले. आज मल्लेश्वरम म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे, तेथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ एकोजींचा 1669 सालचा कन्नड शिलालेख आहे, आणि मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लिकार्जुन देवाला दिल्याची त्यात नोंद आहे. विजापूरच्या मुसलमान पातशहाचा मराठा सरदार कन्नड भाषेत लेख कोरून शिवाच्या देवळाला गाव लावून देतो, आणि पातशहाच्या दरबारातून त्याला कोणी जाब विचारीत नाही: दख्खनच्या राजकारणात हे इतके अंगवळणी पडले होते, की त्याचे कोणाला नवलही वाटत नसे. त्याच सुमारास त्यांचे सावत्र बंधू शिवाजी महाराज आपल्या राज्यातल्या पीर-मशिदींच्या दिवाबत्तीची आणि नैवेद्याची तरतूद, जागेचा मान पाहून, पूर्ववत चालवीत होते, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. आणि महाराजांबद्दल ज्याच्या मनात प्रीती मुळीच नव्हती, त्या खाफीखानानेही मशिदीला आणि कुराणाला ते धक्का लावू देत नसत, ही साक्ष दिली आहे.

अशा इनामपत्रांतला जो भाग मला सर्वांत बोलका वाटतो, तो त्यांच्या शेवटी येणारा शापाचा आहे. दख्खनच्या कित्येक दानलेखांत, मग दाता सुलतान असो की देशमुख, दान मोडणाऱ्याला दोन शपथा घातलेल्या असतात: मोडणारा हिंदू असेल तर त्याला गाईची आण, मुसलमान असेल तर सुवराची. कारकुनाने पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेला हा ठरीव मजकूर, पण त्यात केवढा समंजसपणा दडलेला आहे. उद्या ह्या गावावर अंमल कोणाचा असेल, तो कोणत्या देवाला भिणारा असेल, हे आज सांगता येत नाही, म्हणून दोघांनाही ज्याच्या त्याच्या धर्माच्या धाकात बांधून ठेवावे, हे त्या कारकुनाला ठाऊक होते. अर्थात शापावर विसंबावे लागते, तेथे कायदा नसतो. दान देणारा गेला, नवा अंमलदार आला, की सनद नवी करून घेण्यासाठी पुजारी आणि मुजावर दोघेही त्याच कचेरीच्या पायरीवर ताटकळत बसत.

कंपनी सरकारचा आणि राणीच्या राज्याचा भाग मी थोडक्यात आटोपतो. 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मसमजुतींत हात घालणार नाही असे अभिवचन दिले गेले, आणि 1863 च्या विसाव्या कायद्याने देवळा-मशिदींच्या कारभारातून सरकारने आपले अंग काढून घेतले. हात न घालणे हे पुष्कळदा हात झटकणे होते. म्हैसूर संस्थानाने, 1881 साली राज्य पुन्हा वाडियारांच्या हाती आल्यावर, दुसरी वाट धरली: धर्मस्थानांचा हिशेब खात्यात ठेवला आणि राज्याचा कारभार एका धर्माच्या हाती जाऊ दिला नाही. नाल्वडी कृष्णराज वाडियारांनी नेमलेले सर मिर्झा इस्माईल हे 1926 पासून 1941 पर्यंत दिवाण होते, आणि म्हैसूरच्या सेंट फिलोमिना चर्चचा पाया 1933 साली महाराजांनी स्वहस्ते घातला. ह्याच्या बरेच आधी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढून दिली होती. त्यांतले मुसलमानांचे 1906 सालचे. मुलांना जेवायला आणि राहायला जागा मिळाली तर त्या समाजाचे रक्षण पुढच्या पिढीत तोच समाज करील, हा शाहूंचा हिशेब बुक्करायाच्या वीस रखवालदारांपेक्षा दूरचा होता.

पण म्हैसूरचे चित्रही निर्मळ नाही. 1928 साली बेंगळूरच्या सुलतानपेठेत शाळेच्या आवारातल्या एका गणपतीवरून तंटा पेटला, विद्यार्थी रस्त्यावर आले, दंगल झाली, आणि दिवाण मुसलमान असल्याचा उच्चार वर्तमानपत्रांतून कडवटपणे होऊ लागला. संस्थानाने ह्या प्रकाराची चौकशी करण्यासाठी निवृत्त दिवाण सर विश्वेश्वरय्या ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्मावरून झालेल्या तंट्याची चौकशी सनदी कारभाराच्या शिस्तीने, साक्षी-पुराव्यांनी व्हावी, शापांनी आणि शपथांनी नव्हे, एवढा फरक साडेपाच शतकांत निश्चित पडला होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेने ह्या साऱ्या परंपरेला एक निराळेच अधिष्ठान दिले. बुक्करायाकडे जैन फिर्यादी गेले ते राजाच्या कृपेची याचना करावयाला. पंचविसाव्या कलमापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची कलमे, आणि अल्पसंख्याकांच्या संस्कृतीची व शिक्षणसंस्थांची हमी देणारी एकोणतिसावे व तिसावे ही दोन, ह्यांनी याचनेच्या जागी हक्क आणून ठेवला. सत्ताविसाव्या कलमाने तर एखाद्या धर्माच्या पोषणासाठी कोणालाही कर द्यावयाला लावू नये, असे स्पष्ट केले. घटना लागू झाली त्या दिवशी घरटी एक हण कायमचा रद्द झाला, असे मी मानतो. आणि तरीही जमाखर्चाचा रकाना सुटला नाही. पुढे घटनेतच दोनशे नव्वद-अ हे कलम आले, आणि त्यात केरळने त्रावणकोर देवस्वम निधीला दरसाल 46 लाख 50 हजार रुपये, तर मद्रास राज्याने आपल्याकडे आलेल्या देवळांसाठी 13 लाख 50 हजार रुपये द्यावेत, असे आकड्यांनिशी लिहिले गेले. ज्या जमिनी त्रावणकोर संस्थानाने कधी देवळांकडून आपल्याकडे घेतल्या होत्या, त्यांच्या देण्याची ही परतफेड. जगातल्या किती राज्यघटनांत एखाद्या देवळाच्या वार्षिकाचा आकडा सापडेल? ते कलम घालणाऱ्यांना विसंगती कळत नव्हती असे नव्हे. दिलेला शब्द पाळावयाचा तर तो कोठेतरी आकड्यात मांडावा लागतो, हे त्यांना कळत होते.

1992 साली राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी केंद्राने मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी ह्या पाच समाजांची नावे जाहीर केली. जैनांचे नाव त्यात नव्हते. त्यासाठी अर्ज झाले, न्यायालयात दाद मागितली गेली, आणि अखेर 27 जानेवारी 2014 रोजी सहावे नाव जैनांचे पडले. कल्य आणि पेनुगोंड्याचे जैन बुक्करायाकडे गेले, त्यानंतर 646 वर्षांनी.

एवढ्यावर थांबता आले असते, तर मराठी लेखकाला ते सोयीचे होते. पण एक नोंद राहिली आहे.

1791 सालच्या मार्च महिन्यात कॉर्नवॉलिसने बेंगळूरचा किल्ला टिपूकडून घेतला. मराठे ह्या युद्धात इंग्रजांचे आणि निजामाचे दोस्त होते. परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाड घेऊन दक्षिणेस उतरत होती, आणि त्या फौजेच्या अवतीभोवती, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, लुटीवर पोट भरणारे पेंढारी आणि लमाण होते. ह्या लोकांनी तुंगेच्या काठचा शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांची गादी असलेला तो मठ. माणसे मारली गेली, शारदेच्या मूर्तीची विटंबना झाली, स्वामी सच्चिदानंद भारतींना मठ सोडावा लागला. ज्या पेशव्यांनी गोब्राह्मणप्रतिपालनाचे ब्रीद मिरवले, त्यांच्या झेंड्याखाली हे घडले. पटवर्धनांच्या दप्तरातल्या पत्रांतून ह्या लुटीबद्दलची चरफड उमटलेली आहे, वाईट झाले, अपकीर्ती झाली, ही जाणीव आहे. आणि त्याच पटवर्धन घराण्याच्या मिरजेत मीरासाहेबांचा उरूस इतमामाने चालत आला, हेही खरे आहे. परंतु चरफड ही चरफडच.

स्वामींनी पत्र लिहिले ते टिपूला. त्या दोघांमधला पत्रव्यवहार मठात जपून ठेवलेला होता. 1916 साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार ह्यांनी तो उजेडात आणला. पत्रे कन्नडात आहेत. टिपूने उत्तरी लिहिले की, अशा पुण्यस्थळाशी जे पापाचरण करतात, ते हसत केलेल्या कर्माचे फळ रडत भोगतील. आणि हा भाव त्याने एका संस्कृत श्लोकार्धाच्या आधाराने सांगितला. मग त्याने बुक्करायाने केले तेच केले. बिदनूर, म्हणजे नगर, येथील आपल्या असफाला, म्हणजे तेथल्या अधिकाऱ्याला, हुकूम दिला की, शारदेच्या पुन्हा प्रतिष्ठापनेसाठी मठाला दोनशे राहत्या रोख द्याव्यात आणि दोनशे राहत्यांचे जिन्नस द्यावेत. राहती म्हणजे टिपूच्या टांकसाळीतला सोन्याचा लहान पणम. देवीसाठी वस्त्रे आणि स्वामींसाठी शाली रवाना झाल्या. राज्याच्या शत्रूंचा नाश व्हावा म्हणून अनुष्ठान करण्याची विनंतीही पत्रांत आहे, आणि ते शत्रू कोण, हे स्वामींना सांगावयाची गरज नव्हती.

टिपूची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. बेंगळूरच्या किल्ल्यात त्याच्या राजवाड्याच्या भिंतीला लागूनच चिक्कदेवराजाने बांधलेले कोटे व्यंकटरमणाचे देऊळ आजही आहे, पूजा चालू आहे. पण ह्याच टिपूने 1784 साली मंगळूर प्रांतातले कॅथलिक कुटुंबांसकट धरून श्रीरंगपट्टणास हाकलीत नेले, वाटेत आणि कैदेत असंख्य मेले, पुष्कळांची सुंता झाली. त्यांचे कित्येक पूर्वज गोव्यातून, इन्क्विझिशनच्या आणि लढायांच्या जाचाला कंटाळून, कानडात उतरलेले कोंकणी लोक होते. पुढे त्याच मंगळूरच्या कॅथलिक समाजात जन्मलेले फादर जेरोम डिसोझा घटनासमितीत बसले आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी बोलले. एकाच सुलतानाच्या एका हाताने मठ उभा केला आणि दुसऱ्याने चर्चे पाडली. मराठ्यांच्या एका सरदाराने मल्लेश्वराला गाव दिले आणि दुसऱ्याच्या फौजेने शारदेचा मठ नागवला. कृपेवर उभे असलेले रक्षण असेच असते, आणि म्हणूनच पंचविसावे कलम मला एकोजींच्या शिलालेखापेक्षा मोलाचे वाटते, जरी तो शिलालेख आमच्या रक्ताच्या माणसाचा आहे.

सर्जापूर रस्त्यावरच्या त्या गंजक्या पाटीपुढून मी आजही जातो. मुजरा हा शब्द तेथे वाचला की नगरच्या असफाच्या कचेरीतल्या त्या चारशे राहत्या डोळ्यांपुढे येतात: दोनशे रोख, दोनशेंचे जिन्नस. मठ मराठ्यांच्या छावणीतल्या माणसांनी लुटला होता. रक्कम म्हैसूरच्या जमेतून मुजरा पडली.